झालेलं विसरत नाही ती मालिका

करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात एक वाडा आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि वर्षभरात त्या वाड्याचा मूळ मालक कोण, हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं. तो राणादाचा वाडा झाला. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, दुपारी तांबडा-पांढरा आणि जाता जाता राणादाचा वाडा, असा सहलीचा बेत ठरू लागला. राणा झालेला हार्दिक जोशी आणि पाठकबाई झालेली अक्षया देवधर यांचं गाव कोल्हापूर नव्हे, पण ‘चालतंय की’ हे राणाचं पालुपद शाळकरी पोरांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

कॅमेऱ्याचं कोल्हापूरला कौतुक होतंच. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली, १९२९ मध्ये प्रभात इथंच जन्मली, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ इथंच चालवला. पुढं प्रभात पुण्याला गेली, चित्रपट मुंबईला गेला आणि मोरेवाडीच्या माळावरची चित्रनगरी कितीतरी वर्षं ओसाड पडून राहिली. तिथं दिवे पुन्हा लागले त्यात मालिकांचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा ज्योतिबा’चा सेट तिथं उभा राहिला. त्याआधी २०१८ पासून भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरचे संत बाळूमामा कलर्स मराठीवरून घरोघर पोहोचले होते. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ने कोल्हापूरचं शिर्के-पाटलांचं घर दाखवलं. आता या गावाला एक प्रश्न विचारायचा हक्क आहे. यातली थोर म्हणावी अशी मालिका कोणती? आणि थोर म्हणजे तरी काय?

लोकप्रिय, लांब आणि देखणी या तीन गोष्टी आपण सर्रास थोरपणाच्या खात्यात जमा करतो. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. हा विक्रम आहे आणि रोहिणी हट्टंगडी, कविता लाड यांच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. पण त्या तीन हजारांतला एखादा भाग आठवून सांगा म्हटलं, तर तिची निष्ठावान प्रेक्षक बाईसुद्धा घुटमळेल. तिला माणसं आठवतील, साड्या आठवतील, घटना आठवणार नाहीत.

मला वाटतं, मालिकेची परीक्षा काळावर घ्यायची. कादंबरी आपण आपल्या गतीनं वाचतो, सिनेमा अडीच तासांत आटोपतो, नाटक त्याच रात्री संपतं. मालिका मात्र प्रेक्षकाच्या आयुष्याला लागून चालते. ती सुरू झाली तेव्हा बालवाडीत असलेलं पोर ती संपताना चौथीत गेलेलं असतं, दरम्यान घरात एक लग्न आणि एक मयत होऊन गेलेली असते. इतका काळ दुसऱ्या कुठल्याच कलाप्रकाराच्या हाती लागत नाही. त्या काळाचं ती काय करते, यावर तिची किंमत ठरते. चांगल्या मालिकेत झालेली गोष्ट झालेली राहते. पहिल्या महिन्यात झालेला अपमान तिसऱ्या वर्षी माणसाच्या बोलण्याचालण्यात दिसतो. वाईट मालिकेत सोमवारी विषप्रयोग होतो आणि पुढच्या सोमवारी विष घालणारी आणि ते प्यालेली अशा दोघी मिळून मंगळागौर खेळतात. अभिनय, संगीत, कॅमेरा हे सगळं लागतंच, पण मालिकेला स्मरणशक्ती नसेल तर बाकीचं सगळं सजावट ठरतं.

क्रमशः गोष्ट सांगण्याची कला मराठीला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापली. आठवडाभर वाट पाहणारा वाचक त्यांनी सांभाळला, पण यमूला लहानपणी जे सोसावं लागलं ते पुढच्या हप्त्यात पुसून टाकलं नाही. सगळी कादंबरीच यमूच्या आठवणींवर उभी आहे. दूरदर्शनच्या काळात ही शिस्त काही अंशी सक्तीनं पाळली गेली. बहुतेक मालिकांना तेरा भागांचं माप असायचं, तेही आठवड्याला एकच भाग. तेरा भागांत गोष्ट सांगायची म्हटल्यावर लेखकाला शेवट आधी ठरवावाच लागे. ‘श्वेतांबरा’, ‘गोट्या’, हिंदीत ‘तमस’ ही त्या काळातली आटोपशीर कामं.

‘स्वामी’ तर आपल्याच जिल्ह्यातून गेलेली. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांच्या कादंबरीवर गजानन जागीरदारांनी केलेल्या मालिकेत रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले आणि शाळकरी वयाची मृणाल देव रमाबाई झाली. माधवराव सत्तावीस वर्षांचे असताना थेऊरला जाणार आणि रमाबाई त्यांच्यामागं सती जाणार, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लोक दर आठवड्याला बसत. पुढं काय होणार यापेक्षा ते कसं होणार, यात त्यांचा जीव अडकला होता. याच्याकडं मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

रोजच्या मालिकेचं बीज मात्र वेगळ्या ठिकाणाहून आलं. वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले होते. तिथं कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय कौटुंबिक कथेत गुंफून दाखवत, ते त्यांनी पाहिलं. त्यातून १९८४ च्या जुलैत मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ आली. दीडशेच्या वर भाग झाले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार दोन शब्द बोलत. तिच्यातला उपदेश आज कंटाळवाणा वाटेल, पण घरातला बाप बसेसर राम दारुडा होता आणि त्याच्या दारूची किंमत त्या घरानं भागामागून भाग मोजली. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या ‘आभाळमाया’नंही हेच केलं. प्राध्यापक सुधा जोशीचा नवरा दुसऱ्या बाईत गुंतला, याचा हिशेब एका रडारडीत मिटला नाही. तो मुलींच्या वाढीत, घराच्या बोलण्यात, सुधाच्या नोकरीत मुरत गेला. सुकन्या कुलकर्णी आणि मनोज जोशी यांच्याइतकंच विनय आपट्यांच्या धीम्या हाताचंही ते श्रेय.

मग गणित बदललं. आठवड्याला एक भाग असायचा त्याचे पाच झाले, पाचाचे सहा झाले, सणासुदीला रविवारचा तासाभराचा महाएपिसोड आला. बावीस-तेवीस मिनिटांचं चित्रण रोज उरकायचं म्हणजे काय, हे सेटवर एक दिवस उभं राहिलं की कळतं. संवाद सकाळी येतात, कधी सीन लावून झाल्यावर येतात. पुढच्या भागांची बँक चार-पाच दिवसांची असली तरी निर्माता देवाला नारळ फोडतो. गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क संस्थेचे आकडे येतात. आकडा खाली आला की शुक्रवारच्या बैठकीत चालू ट्रॅक मोडून नवा घातला जातो. कुणाला तरी अपघात होतो, कुणाची तरी स्मृती जाते. (मराठी मालिकांत स्मृती जाण्याचं प्रमाण कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला अचंब्यात टाकील. सगळ्यांत जास्त ती मालिकेचीच गेलेली असते, ही गोष्ट वेगळी.) लेखकाला दोष देणं सोपं आहे. पण आपली गोष्ट आठ महिन्यांत संपणार की आठ वर्षांत, हेच ज्याला कुणी सांगत नाही, त्यानं कारणाला परिणाम जोडायचा कसा?

‘तुझ्यात जीव रंगला’वर हे सगळं लख्ख वाचता येतं. तिची सुरुवात खरोखर चांगली होती. तालमीत वाढलेला, शेतीत रमणारा, बाईमाणसाकडं मान वर करून न बघणारा पैलवान गडी आणि गावच्या शाळेत आलेली शिकलेली मास्तरीण. दोघांच्या बोलण्यात सुरुवातीला मोठमोठ्या जागा मोकळ्या असायच्या. राणाला शब्द सापडायचे नाहीत आणि ते शोधू द्यायला मालिका थांबायची. कुस्तीचा हौदा, गोठा, ऊस, विहीर, यांतलं काहीही पडद्यामागं रंगवलेलं वाटत नव्हतं. कोल्हापूरच्या पैलवानाला प्रेमकथेचा नायक करणं हेच धाडस होतं. तोवर मराठी पडद्यावर पैलवान म्हणजे पाटलाचा गुंड किंवा हसायची सोय. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावाचा पैलवान माणूस म्हणून दिसायला एवढी वर्षं लागली. वहिनीसाहेबही सुरुवातीला नुसती खलनायिका नव्हती. वाड्याच्या किल्ल्या आपल्या कमरेला राहाव्यात, ही तिची भूक समजण्यासारखी होती. धनश्री काडगावकरनं ती ठसक्यात उभी केली.

आणि मग लग्न झालं. प्रेमकथेवर उभ्या मालिकेचा पेच असा, की लग्नानंतर तिच्यापाशी गोष्ट उरत नाही, स्लॉट मात्र उरतो. इथं लेखनाची खरी कसोटी होती. पाठक आणि गायकवाड या दोन आडनावांत केवढी गोष्ट दडली होती! ज्या संस्थानात वेदोक्ताचं प्रकरण झालं, ज्या राजानं आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं, त्या भूमीत ब्राह्मण मास्तरीण मराठ्यांच्या वाड्यात नांदायला येते. चुलीपासून देवघरापर्यंत, सोवळ्यापासून रश्श्यापर्यंत, माहेरच्या मौनापासून सासरच्या जादा कौतुकापर्यंत रोज एक भाग निघाला असता आणि एकालाही विष लागलं नसतं. मालिकेनं ‘शिकलेली बायको, अडाणी नवरा’ एवढीच बाजू उघडली आणि बाकीचं गुंडाळून ठेवलं. चॅनेलला सगळ्या जातींचे प्रेक्षक हवे असतात, हे समजतं. पण मग उरतं काय? कट, कारस्थान आणि पुन्हा कट. वहिनीसाहेब पकडली जाते, माफ होते, पुन्हा तेच करते. घरातली माणसं दर वेळी नव्यानं चकित होतात. पुढं राणा गेला असं समजायचं आणि हुबेहूब त्याच्यासारखा राजा राजगोंडा अवतरायचा, इथपर्यंत मजल गेली. ज्या राणाचं मौन ऐकायला लोक बसत होते, तो आता झटक्यात बोलणारा दुसराच माणूस झाला. २०२१ च्या जानेवारीत मालिका संपली तेव्हा हजाराच्या वर भाग झालेले होते. माझा निवाडा विचाराल तर पहिलं वर्ष थोरपणाच्या उंबऱ्यापर्यंत गेलेलं आहे, उरलेली वर्षं नोकरी आहे.

नोकरी हा शब्द मी हेटाळणीनं वापरत नाही. मालिका आधी सोबत असते आणि मग कला, हे कुठल्याही समीक्षकानं कबूल करावं. संध्याकाळचं दूध डेअरीला घालून आलेली बाई साडेसातला टेकते, तेव्हा तिला जगातली सर्वोत्तम कथा नको असते. ओळखीची चार माणसं हवी असतात. मुलं पुण्या-मुंबईला, नवरा कारखान्यावर, घरात ती आणि सासू. त्या दोघींना एका विषयावर बोलता येतं ते मालिकेमुळं. हे काम मोठं आहे. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरण बंद पडलं तेव्हा ते किती मोठं होतं, हे घरोघर कळलं. पण सोबत देणारी गोष्ट थोर असूच शकत नाही, असं कुणी सांगितलं? सोबत आणि स्मृती यांत वैर नाही. उलट रोज भेटणाऱ्या माणसाला कालचं काही आठवत नसेल, तर त्याची सोबत फार दिवस सोसवत नाही.

आता ‘स्वामी’कडं परत येऊ. ज्या मराठी मालिका टिकून राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचा शेवट आधीपासून ठरलेला होता, हा योगायोग नव्हे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये संपली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रेक्षकाला संगमेश्वर आणि तुळापूर ठाऊक होतं. त्यामुळं पन्हाळ्यावर नजरकैदेसारखा काळ काढणारा शंभूराजा पाहताना किंवा सोयराबाईशी होणारी त्याची प्रत्येक चकमक पाहताना त्या शेवटाची सावली पडलेली असायची. अमोल कोल्हे यांचा आवाज आणि आवेश काही वेळा गरजेपेक्षा वरच्या पट्टीत गेला, दरबार पुष्कळदा भाषणांनी भरला, हे खरं. तरी मालिका वाहवत गेली नाही, कारण काठ इतिहासानं घालून दिले होते.

याचा याहून नवलाचा पुरावा तळकोकणात मिळतो. ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग २०१६ मध्ये आला तो अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरू झाला. लोकांनी तो भुताखेतांसाठी पाहिला. २०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि तो मागं गेला. अण्णा जिवंत असतानाची गोष्ट. म्हणजे हा माणूस मरणार, घर मोडणार, त्याच्या नादी लागलेल्या शेवंताचं काय होणार, सगळं उघड. आणि तोच भाग सरस ठरला. माधव अभ्यंकरांचा अण्णा दुष्ट आहे, विषयी आहे, माणसं गाडतो, आणि तरी तो पडद्यावर आला की नजर हलत नाही. त्याच्या प्रत्येक पापाची नोंद कुठंतरी ठेवलेली आहे, हे आपल्याला माहीत असतं. त्याची बायको माई झालेल्या शकुंतला नऱ्यांच्या गप्प बसण्याला जे वजन येतं ते त्यामुळंच. तिसऱ्या भागात शेवटाचं हे बंधन सुटलं, अण्णा भूत म्हणून हवा तेव्हा येऊ-जाऊ लागला आणि मालिकेची भीतीच गेली.

सतीश राजवाडे यांच्या ‘असंभव’ला इतिहासाचा आधार नव्हता, पण रहस्याचा होता. गेल्या जन्मात काय घडलं हे चिन्मय मांडलेकरांना लिहितानाच ठाऊक असावं लागलं, कारण धागे मागचे-पुढचे जुळवायचे होते. ‘अग्निहोत्र’मध्ये नाशिकचा वाडा, घरातले गणपती आणि दुरावलेली भावंडं होती. विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे, मोहन जोशी, शुभांगी गोखले अशी माणसं एका ताटात जेवताना दिसत आणि त्यांच्यातलं जुनं भांडण त्या ताटावर बसलेलं दिसे. मराठी दूरचित्रवाणीवर एकत्र कुटुंबाचा इतका खरा चेहरा मी दुसरीकडं पाहिलेला नाही. तिचा दुसरा भाग २०१९ च्या अखेरीस आणला, तो काही महिन्यांत गुंडाळावा लागला. नाव तेच होतं, वाड्याची आठवण नव्हती.

संतचरित्रांचं गणित जरा निराळं. बाळूमामांचा जन्म १८९२ चा अक्कोळचा, समाधी १९६६ ची आदमापूरची. म्हणजे शेवट ठरलेला. पण भक्ताला शेवट नको असतो, त्याला प्रचीती हवी असते. त्यामुळं ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ ही एका आयुष्याची गोष्ट कमी आणि चमत्कारांची माळ जास्त झाली. तिला मालिकेच्या मापानं मोजू नये, ती पोथीसारखी चालते आणि पोथी कुणी कथानकासाठी वाचत नाही. मला तिच्यात आवडली ती मेंढरं. धनगरी जगणं, पालं, चारणीसाठीची भटकंती हे रोज रात्री घराघरांत दिसलं. मराठी मालिकांच्या हॉलमधल्या पांढऱ्या सोफ्यांना कंटाळलेल्या डोळ्यांना ते फार होतं.

इथं जागेचा मुद्दा येतो. कोल्हापूर मालिकेत दिसलं म्हणून मालिका कोल्हापूरची होत नाही. पडद्यावरचं कोल्हापूर म्हणजे फेटा, मिशी, रस्सा, चपला, हलगी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘की’. खरी बोली ऐकायची असेल तर इथल्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात ती ऐका. ते पडद्यावर फारसं येत नाही, पुण्या-मुंबईच्या कानाला ती चूक वाटेल म्हणून. साताऱ्याच्या ‘लागिरं झालं जी’ची बोली त्या मानानं पुष्कळ सच्ची होती, कारण लेखक तेजपाल वाघ तिथलाच आणि नटांतली बरीच पोरं तिथलीच. पण बोलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या जागेच्या व्यवहारानं कथेला ढकललं पाहिजे. राणा शेतकरी होता, उसात उभा राहून गाणी झाली. पण उसाचं बिल कधी जमा होणार, या प्रश्नानं त्या घराची झोप उडाल्याचं मला आठवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पोरीचं लग्न, पोराची फी आणि बापाचं ऑपरेशन या तिन्ही गोष्टी त्या बिलावर ठरतात.

अमेरिकेत डेव्हिड सायमन नावाचा माणूस बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात पोलिसांच्या बातम्या लिहीत होता. त्यानं २००२ ते २००८ या काळात ‘द वायर’ नावाची मालिका केली. पाच पर्वं, साठ भाग. एका पर्वात पोलीस आणि गर्दचा धंदा, एकात बंदरातले कामगार, मग नगरपालिका, मग शाळा, शेवटी वर्तमानपत्र. शहर एकच. पहिल्या पर्वात झालेल्या चुकीची किंमत चौथ्या पर्वात शाळेतली पोरं मोजतात. प्रदर्शित होत होती तेव्हा तिला फार प्रेक्षक नव्हते. आज जगातल्या थोर मालिकांची यादी कुणीही केली तरी ती वरच असते. तिच्यात सुंदर वाडा नाही, जुळा भाऊ नाही, स्मृतिभ्रंश नाही.

हा साचा कोल्हापूरला जसाच्या तसा लावायचा नाही, पण विचार करून बघा. एक सहकारी साखर कारखाना घ्या. पहिलं पर्व निवडणुकीचं. पॅनेल पाडणं, सभासदांच्या याद्या, रातोरात फुटलेला मामा. दुसरं तोडणीचं. बीडहून आलेली टोळी, मुकादमाची उचल, फडातल्या खोपीत बाळंत होणारी बाई, काट्यावरचं वजन. तिसरं दूध संघाचं. चौथं शहरातलं. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉलवरून एकमेकांच्या अंगावर जातात, त्यांना पोसणारे नगरसेवक आणि त्यांच्यातला एकजण ज्याचा बाप त्या कारखान्यात टाइमकीपर आहे. पाचवं २०१९ च्या महापुराचं, जेव्हा शिरोळ आणि चिखली-आंबेवाडी पाण्यात जातात आणि पहिल्या चार पर्वांतली सगळी माणसं एका शाळेच्या इमारतीत शेजारी शेजारी झोपतात. कुणाचं कुणाशी काय झालं होतं, हे प्रेक्षकाला आठवत असलं म्हणजे झालं.

हे जमणार नाही असं म्हणू नका. ‘सामना’मध्ये विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी साखरसम्राट १९७० च्या दशकातच उभा केला होता, निळू फुले आणि डॉ. लागूंच्या जुगलबंदीत, आणि तो दोन-अडीच तासांत. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी १९६४ मध्ये ‘टारफुला’त एका गावची पाटीलकी आणि तिच्याभोवती फिरणारी सत्ता दाखवली, ती वाचताना आजचे पॅनेलप्रमुख डोळ्यांपुढं येतात. कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त शिक्षणासाठी बापाशी झुंजणारा पोरगा दाखवला. या मातीचं ऐवजदार लेखन पुस्तकात पडून आहे. मालिकेनं त्यातून फेटा तेवढा उचलला.

खर्चाची सबब पुरेशी नाही. पाकिस्तानची दूरचित्रवाणी आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तिथली बरीच गाजलेली नाटकं आठवड्याला एकदा येत आणि मोजक्या भागांत संपत. १९८७ ची ‘धूप किनारे’ असो की २०११ ची ‘हमसफर’, सरहद्दीच्या अलीकडंही लोकांनी ती शोधून शोधून पाहिली. मराठीत सतीश राजवाडे यांचीच ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये वर्षभराच्या आतच संपली, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ऐन बहरात असताना, आणि म्हणूनच आजही तिचं नाव निघतं. चॅनेलचं नुकसान झालं असेल तर ते फार दिवस टिकलं नसणार, कारण राजवाड्यांना पुढं चॅनेलनं कामं देतच ठेवली. वेब मालिकांनी आठ-दहा भागांचं माप परत आणलं आहे, पण त्या मुख्यतः मोबाइलवर, हेडफोन लावून, एकट्यानं बघायच्या. साडेसातच्या बैठकीत सासू-सून-नातवंडांनी मिळून बघावी, अशी मापातली गोष्ट अजून कुणी देत नाही. थोर मालिकेची रिकामी जागा नेमकी तिथं आहे.

म्हणून कोल्हापूरच्या लेखकांना, नाट्यसंस्थांना आणि चित्रनगरीच्या कारभाऱ्यांना एक सुचवणं. सेट भाड्यानं देणं चालू राहू द्या, त्यावर गावातली कितीतरी घरं चालतात. पण वर्षाकाठी एक गोष्ट इथल्या माणसांनी लिहिलेली असावी. भाग शंभरच्या आत असावेत आणि शंभरावा भाग चित्रीकरणाआधी कागदावर उतरलेला असावा. चॅनेलकडं जाताना पहिला भाग नेऊ नका, तो सगळेच नेतात. शेवटचा भाग वाचून दाखवा.